पायरीवर थांबणारा सुतार

शाळेत मुलं त्यांना तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'जणूबाई'. हे नाव कुठल्या तुकडीने ठेवलं ते आता कुणाला सांगता यायचं नाही, पण ज्याने ठेवलं त्याने नेम धरून ठेवलं होतं. सव्वीस वर्षं सहावी-सातवीला भाषा शिकवताना बाईंच्या तोंडून जितक्या वेळा 'जणू' निघालं असेल, तितक्या वेळा घरच्या माणसांची नावंही निघाली नसतील. बाईंना ते टोपणनाव ठाऊक होतं. एकदा कुणीतरी ते फळ्यावर लिहून ठेवलं, तर त्यांनी पुसलं नाही. खाली खडूने शेरा दिला, 'नाव चांगलं, अक्षर गचाळ.'

बाईंचा संसार आटोपशीर होता. नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दोन खोल्या, खिडकीपाशी टेबल, टेबलावर वह्यांचा गठ्ठा. सकाळी अंघोळ झाली की देवासमोर दोन मिनिटं हात जोडून उभ्या राहायच्या. मागणं काही नसे. आज माझ्या हातून कुणाचं वाईट होऊ देऊ नकोस, एवढंच मनात म्हणायच्या आणि चपला पायात सरकवायच्या.

वर्गात त्यांच्याकडे दोन पेन्सिली असत. तांबडी चुकांसाठी, हिरवी अलंकारांसाठी. निबंधात उपमा सापडली की तिच्याखाली हिरवी रेघ यायची आणि समासात तिचं नाव. निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की 'चेतनगुणोक्ती' असा भलामोठा शब्द त्या हौसेने, एकेक अक्षर कोरून लिहीत. सरळ वाक्याची मात्र त्यांना चीड होती. 'आकाश निळे होते' असं वाचलं की कपाळावर आठी पडायची, वाक्यावर हिरव्याच पेन्सिलीची आडवी रेघ यायची आणि समासात 'सपक' असा शेरा पडायचा. "गोष्टीतला माणूस मनातलं उघडं आणून दाखवत नाही, बाळांनो. कपडे घालून आणतो. ते कपडे ओळखायला शिका," हे त्यांचं वर्षाच्या पहिल्या दिवसाचं भाषण ठरलेलं.

मुलंही काही कमी नव्हती. एका धड्यात म्हातारीच्या डोळ्यांत विहीर दाटून आली, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला की मग ती रडायला लागली की घरचे बादली घेऊन धावत असतील का. वर्ग खिदळला. बाई हसल्या नाहीत, पण त्या मुलाला त्यांनी उभं करून सांगितलं की तुझं डोकं चालतं, फक्त उलट्या दिशेने.

उलट्या दिशेने चालणारं आणखी एक डोकं बाईंच्या घरातच होतं. धाकटे दीर दर शनिवारी दुपारी वहिनीकडे जेवायला यायचे. ते गॅस फिटर. लोकांच्या घरात, दुकानात जे जे तापतं, म्हणजे गीझर, शेगड्या, बॉयलर, धुरांड्यांचे पाइप, ते सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. गोष्टी-कवितांशी मात्र त्यांचं जन्माचं वाकडं. एखाद्याचं काळीज दगडाचं आहे असं बाई म्हणाल्या, की भाऊजी विचारायचे, "वहिनी, मग तो जिना कसा चढतो? वजन किती होईल?" बाई त्यांना कच्चा विद्यार्थी म्हणत आणि तरीही दर शनिवारी आठवड्यातला सर्वांत चांगला निबंध वाचून दाखवत. भाऊजी चहा पिता पिता माना डोलवत. वहिनीचं मन राखायचं म्हणून ऐकून घ्यायचे, दुसरं काय.

त्या वर्षी सातवीत तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती. अंगाने बारीक, बोलायला हळू. थंडी सुरू झाली त्या सुमाराला तिच्या घरच्यांनी जागा बदलली, आणि तेव्हापासून ती पहिल्या तासाला डुलक्या काढायला लागली. वर्गाने तिचं नाव 'पेंगुळी' ठेवलं. मधल्या सुट्टीपर्यंत ती टवटवीत व्हायची, शेवटच्या तासाला तर हात वर करकरून उत्तरं द्यायची. बाईंना वाटलं, पोरगी रात्री टीव्ही बघत बसत असणार. एकदा त्याही म्हणाल्या होत्या, "पेंगुळीताई, उठा, उजाडलं." वर्ग हसला आणि ती मुलगीही सगळ्यांबरोबर हसली.

निबंधाचा विषय होता 'आमचं नवं घर'. तिचा पहिला निबंध बाईंनी परत करून पुन्हा लिहायला लावला होता. तसं त्या निम्म्या वर्गाला लावत, त्यामुळे पहिल्यात काय होतं ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. दुसरा मात्र असा आला की बाईंनी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा दहापैकी दहा दिले.

शनिवारी जेवणं झाली. भाऊजींनी चहाचा कप हातात घेतला. बाईंनी चष्मा लावला, वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली.

"आमचं नवं घर मायाळू आहे. ते आम्हाला मांडीवर घेऊन थोपटतं. आई कामावरून आली की घर तिला लगेच झोपवतं आणि दुपारभर सोडत नाही. हाका मारल्या तर ती विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी बोलते. माझ्या डोक्यात एक सुतार राहायला आला आहे. तो सारखे खिळे ठोकतो. मी शाळेला निघाले की तो हत्यारं घेऊन पायरीवर बसतो आणि मी परत येईपर्यंत तिथेच थांबतो. आमच्या कपाटामागची भिंत आजीच्या कुशीसारखी ऊबदार आहे. आमची मनी तिला टेकून झोपली. ती भिंतीला इतकी आवडली की भिंतीने तिला ठेवूनच घेतलं. रविवारी खालचा घोरणारा गप्प असतो. त्या दिवशी सुतारही सुट्टी घेतो."

बाईंनी वही मिटली आणि दाद मिळेल म्हणून वर बघितलं. भाऊजींचा कप ओठापर्यंत जाऊन तिथेच थांबला होता.

"परत वाचा," ते म्हणाले.

बाईंना आनंद झाला. एवढ्या वर्षांनी का होईना, पण माणूस विरघळला, असं त्यांना वाटलं. त्यांनी पुन्हा वाचलं, या वेळी जरा आवाज लावून.

"सुतार कुठे थांबतो म्हणाली?"

"पायरीवर."

"म्हणजे घराबाहेर पडलं की डोकं दुखायचं थांबतं. आणि घरात आलं की परत सुरू."

"अहो भाऊजी, ती कल्पना आहे. डोकेदुखीला तिने—"

"आणि मांजर मेली."

"मेली असं कुठे लिहिलंय? भिंतीने ठेवून घेतलं म्हणतेय. किती हळुवार आहे बघा ना."

"मेली, वहिनी. त्या गरम भिंतीपाशी झोपली आणि मेली." भाऊजींनी कप खाली ठेवला, तो बशीत नीट बसलासुद्धा नाही. "खालचा घोरणारा कोण?"

"असेल कुणी शेजारी."

"सहा दिवस घोरतो आणि रविवारी सुट्टी घेतो?"

भाऊजी उठून चपला शोधायला लागले होते. ते शेजारी नाही, यंत्र आहे, ते सांगू लागले. खाली बॉयलर चालतो. त्याच्या धुराचा पाइप त्या भिंतीतून वर जातो आणि तो कुठेतरी फुटलाय. त्या धुरात जो वायू असतो, कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नाही, रंग नाही. डोकं ठणकतं, गुंगी येते, बाहेर मोकळ्या हवेत आलं की बरं वाटतं, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. आधी घरातलं लहान जनावर जातं. मग माणसं.

"आज शनिवार आहे," भाऊजी म्हणाले. "खालचं यंत्र चालू असेल. पत्ता सांगा."

तोंडचं पाणी पळणे, हातपाय गळणे, काळजात धस्स होणे. सव्वीस वर्षं बाई मुलांकडून यांचे वाक्यांत उपयोग करून घेत आल्या होत्या. आता त्यांची जीभ टाळूला चिकटली आणि पत्ता हा शब्दसुद्धा तोंडातून निघेना. कारण पत्ता त्यांच्याकडे नव्हता.

शाळेच्या कारकुनाला फोन लावला. तो झोपेतून उठल्याच्या आवाजात म्हणाला की रजिस्टरमध्ये जुनाच पत्ता आहे, बदलाचा अर्ज आलेला नाही आणि अर्ज आल्याशिवाय तो काही खोडत नाही. मुलीच्या आईचा फोन नंबर मात्र त्याने मोबाइलमध्ये बघून सांगितला. बाईंनी तो लावला. घंटा वाजत राहिली, वाजून वाजून बंद झाली. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. बाईंना माहीत होतं की मुलीचे वडील लांब कामाला असतात, आई बेकरीत रात्रपाळी करते. म्हणजे दिवसा झोपते. म्हणजे आत्ता झोपलेली असणार, आणि पोरीचा चार वर्षांचा धाकटा भाऊ आईच्या कुशीत.

भाऊजींनी अग्निशमन दलाचा नंबर लावला होता. पलीकडून पत्ता विचारला तेव्हा त्यांनी फोन कानापासून बाजूला धरून वहिनीकडे बघितलं. "काय सांगू त्यांना? मांडीवर घेऊन थोपटणारं घर?"

ते टोचून बोलले नव्हते, खरंच विचारत होते. बाईंनी वही छातीशी धरली आणि त्या म्हणाल्या, "गाडी काढा. तिने 'माझी गल्ली' पण लिहिलंय."

भाऊजींची गाडी म्हणजे पाइप आणि पान्यांनी भरलेला टेम्पो. बाई पुढच्या सीटवर, मांडीवर वही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या अलंकार उलटे वाचायला बसल्या. कपडे काढून खाली माणूस कोण आहे ते बघायला.

"शाळेत येताना वाटेत एक म्हातारा पाठ वाकवून उभा असतो, त्याच्या पाठीवरून मी रोज चढते-उतरते," त्यांनी वाचलं.

"असं कोण करू देईल?" भाऊजी म्हणाले.

"पूल आहे तो. कमानीचा, मधे उंच असलेला."

"कालव्यावरचा जुना पूल." भाऊजींनी गाडी वळवली. "पुढे?"

"आमच्या खिडकीतून लोखंडी जिराफ दिसतो. रोज दुसरीकडे मान करून उभा असतो."

"शहरात जिराफ—"

"क्रेन, भाऊजी. कुठे बांधकाम चालू आहे?"

"पुलापलीकडे गोदामं पाडून इमारत बांधतायत, तिथे." भाऊजी आता वेगात होते. "आणि घोरणारा?"

बाईंनी पान शोधलं. "त्याच्या तोंडाला साबणाचा वास येतो."

"लाँड्री," भाऊजी म्हणाले. ते त्यांच्या हद्दीतलं होतं. "पुलापलीकडे बॉयलरच्या लाँड्र्या तीन. एक नवीन, तिचा पाइप मी घातलाय, तिथे काही होणार नाही. राहिल्या दोन."

पहिली लाँड्री गाठली तर तिच्यावर छप्पर होतं, घरच नव्हतं. तिथे चार मिनिटं गेली. भाऊजी गाडी मागे घेत असताना आणखी एखादी खूण सापडते का म्हणून बाईंनी वहीचं एक पान मागे उलटलं, आणि त्यांचा हात तिथेच राहिला.

तो पहिला निबंध होता. परत केलेला. निळ्या शाईत, गोल अक्षरात लिहिलं होतं: 'नवीन घरात आमच्या सगळ्यांचे डोके दुखते. आईला सारखी झोप येते आणि उलटी होते. आमची मांजर मेली. शाळेत आल्यावर मला बरे वाटते. रविवारी पण बरे वाटते. लाँड्री बंद असते.' सहाही वाक्यांवर हिरव्या पेन्सिलीची आडवी रेघ होती आणि समासात बाईंच्या वळणदार अक्षरात शेरा: 'सपक. ही तक्रार झाली, निबंध नव्हे. कल्पना वापर.'

तारीख बघितली. एकवीस दिवस झाले होते.

बाहेर दुकानं मागे पडत होती, माणसं रस्ता ओलांडत होती, सगळं होतं तसंच चाललं होतं. भाऊजींनी विचारलं, "सापडलं काही?" त्यांनी फक्त मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"दात पडलेत," त्या एकदम म्हणाल्या. "गल्लीचे पुढचे दोन दात पडलेत, असं लिहिलंय. तोंडाशीच दोन घरं पाडलेली असणार."

ती गल्ली दोनच मिनिटांवर निघाली. तोंडाशी दोन रिकामे चौकोन, त्यात विटांचा ढीग. पुढे लाँड्री, आत यंत्राची घरघर, वर एक मजला, आणि मजल्यावरच्या खिडक्यांना थंडी आत येऊ नये म्हणून कडेने चिकटपट्ट्या. भाऊजींनी चालत्या गाडीतच अग्निशमन दलाला ठिकाण सांगितलं आणि लाँड्रीवाल्याला ओरडून यंत्र बंद करायला लावलं.

जिन्याच्या खालून दुसऱ्या पायरीवर ती मुलगी बसली होती. अंगात स्वेटर, मांडीवर पाटी, पाटीवर गणिताची वही. बाईंना बघून ती घाईने उभी राहिली. शाळेत राहतात तशी.

"बाई, तुम्ही?"

"आई कुठे आहे?"

"वर झोपलीये. धाकटा पण. तिला उठवू नका हं बाई, ती रात्रपाळीची आहे." मग बाईंचा चेहरा बघून तिला वाटलं बाई रागावल्यात. ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "मी इथेच अभ्यास करते. इथे डोकं दुखत नाही."

भाऊजी तोवर दोघींना ओलांडून वर गेले होते. मागे येऊ नका, असं सांगून गेले होते, पण बाई गेल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत खोली गरम होती, नीटनेटकी होती, आणि कसलाही वास नव्हता. बाईंना पुढे कित्येक दिवस त्याचाच हादरा बसत राहिला. ती इतकी साधी, झाडून पुसून ठेवलेली खोली होती, दोरीवर धाकट्याची चड्डी वाळत होती. भाऊजींनी श्वास रोखून स्टुलाने खिडकीची काच फोडली, बाहेर येऊन दोन श्वास घेतले, परत आत गेले आणि पोराला उचलून आणलं. त्याची मान खांद्यावरून अशी लोंबत होती की बाईंनी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि त्यांना नावही आठवलं नाही. मग दोघांनी मिळून आईला चादरीसकट ओढत जिन्याच्या तोंडाशी आणलं. ती अंगाने भरलेली होती. तिचे पाय प्रत्येक पायरीवर आपटत होते आणि ती जागी होत नव्हती.

मुलगी खाली भिंतीला टेकून उभी होती. ती रडत नव्हती. सारखी एकच गोष्ट सांगत होती, की घरात पसारा आहे, कुणी येणार माहीत नव्हतं.

रस्त्यावर धाकट्याने पहिला श्वास जोरात घेतला आणि ओकला. त्या ओकारीने बाईंची साडी भरली, आणि त्यांना आयुष्यात कधी कशाचा इतका आनंद झाला नव्हता. आईला मात्र अॅम्ब्युलन्स येईपर्यंत शुद्ध आली नाही. लाँड्रीवाला आपलं यंत्र गेल्या वर्षीचंच आहे, सगळे कागद आहेत, असं ज्याला त्याला सांगत हिंडत होता. भाऊजी त्याला हाताला धरून वर घेऊन गेले आणि कपाट पुढे ओढून दाखवलं. भाडेकरूंसाठी भिंतीत फळ्या ठोकताना कुणीतरी धुराच्या पाइपचा सांधा हलवला होता. तिथे चार बोटांची फट पडली होती. कडेला मांजरीचे केस चिकटलेले होते. लाँड्रीवाला मटकन खाली बसला.

दवाखान्यात तिघांनाही ऑक्सिजन लावला. धाकटा तासाभरात आईकडे जायचं म्हणून भोकाड पसरायला लागला. आईने संध्याकाळी डोळे उघडले, मुलांकडे बघितलं आणि परत मिटले. डॉक्टर म्हणाले की जीव वाचलाय, बाकीचं हळूहळू कळेल, काही दिवस विसरायला होईल, चालताना तोल जाईल. भाऊजी बाहेर बाकावर बसून होते. त्यांच्या हाताला काच लागली होती, तिथे पट्टी बांधली होती. बाईंनी त्यांना वही उघडून तो पहिला निबंध दाखवला. कुणाला तरी दाखवल्याशिवाय त्यांना राहवेना.

भाऊजींनी तो दोनदा वाचला. त्यांना वाचायला वेळच लागायचा.

"हे तर स्पष्ट लिहिलंय," ते म्हणाले. मग हिरवी रेघ दिसली, शेरा दिसला, तशी त्यांनी वही मिटून परत दिली. तुम्ही वाचून दाखवलंत म्हणून तरी कळलं, असं जरा वेळाने पुटपुटले. बाईंना ते ऐकूही आलं नाही.

मुलीच्या खाटेशी त्या गेल्या तेव्हा तिने तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला. तिला केव्हापासून काहीतरी विचारायचं होतं.

"बाई, ते सगळं खरं निघालं ना. म्हणजे मग ते अलंकार नाहीत." ती थांबली. "मार्क कापणार का?"

बाईंनी मान हलवून नाही म्हटलं. स्टूल ओढून बसल्या. मग वही उघडली, ते पान तिच्यासमोर धरलं आणि हिरव्या रेघेवर बोट ठेवलं. वर्गात कधी गेला नव्हता इतका त्यांचा आवाज खाली गेला होता.

"तू मला सांगितलं होतंस. पहिल्यांदाच सांगितलं होतंस. मी खोडलं. माझं चुकलं, बाळ."

मुलीने पानाकडे बघितलं. बाईंना वाटलं ती आता रडेल, किंवा तोंड फिरवेल, किंवा विचारेल की असं का केलंत. या तिन्हींची त्यांनी मनाची तयारी केली होती. मुलीने आपलीच सहा वाक्यं डोळ्यांनी वाचली आणि बाईंची समजूत घालावी तसं म्हणाली, "पण ते सपकच होतं, बाई."

नर्सने येऊन तिचा मास्क नीट लावला. बाई स्टुलावर तशाच बसून राहिल्या. भाऊजींनी येऊन घरी चला म्हटलं, तेव्हा त्या वही काखेत धरून उठल्या.

रविवारी त्यांनी घरातल्या सगळ्या वह्या काढल्या. अडतीस मुलं, वर्षभराचे निबंध. हिरव्या रेघांच्या खाली काय लिहिलंय ते वाचायला बसल्या. जेवायचं सुचलं नाही. एका मुलाचे बाबा ज्वालामुखी होते, तिथे 'रूपक, सुंदर!' होतं. एका मुलीच्या घरातलं ताट दर महिन्याच्या शेवटी लहान होत जायचं, तिथे 'छान कल्पना'. एकाचा दादा खोलीच्या दारामागे विरघळून चालला होता, तिथे उद्गारचिन्हं दोन.

सोमवारी पहिल्या तासाला बाईंनी धडा काढला नाही. मुलांना वाचत बसायला सांगितलं आणि एकेकाला टेबलापाशी बोलावलं. तिसऱ्या बाकावरची जागा रिकामी होती, सगळ्यांना बातमी कळली होती, म्हणून वर्गात चिडीचूप होतं. पेंगुळी हा शब्द त्या दिवशी कुणी काढला नाही.

ज्वालामुखीवाला मुलगा आला. बाईंनी वही त्याच्यापुढे सरकवून हळू आवाजात विचारलं, "हे तुझ्या घरी खरंच होतं का रे? मारतात का बाबा?"

मुलगा आधी गोंधळला, मग लाजला. "नाही बाई. बाबा गरीब आहेत एकदम. ते मी ताईच्या जुन्या वहीतून ढापलं."

"ढापलंस ते बरं केलंस," बाई म्हणाल्या, आणि इतक्या मनापासून म्हणाल्या की मुलगा जागेवर जाईपर्यंत मागे वळून वळून बघत होता.

मग ताटाची मुलगी आली. बाईंनी तिचं पान उघडलं, तोच प्रश्न विचारला. मुलीने पानाकडे बघितलं, मग बाईंच्या हातातल्या पेन्सिलीकडे, आणि नजर तिथेच ठेवली.

बाईंनी पेन्सिल ड्रॉवरमध्ये टाकली आणि मुलीसाठी शेजारची खुर्ची ओढली.